जाळ्याचा दोरा आणि पाण्यातली जागा

 

आज आपण मासे पकडायच्या जाळ्याबद्दल बोलणार आहोत. जाळं म्हटलं की डोळ्यांपुढे होडी येते आणि होडीत उभा राहून जाळं फेकणारा गडी येतो. पण जाळं पाण्यात पडायच्या आधी ते कुणीतरी विणलेलं असतं. विणायच्या आधी दोरा वळलेला असतो. आणि दोरा वळायच्या आधी रानातून झाडाची साल नाहीतर खोड आणून, सोलून, वाळवून ठेवलेलं असतं. हे आधीचं काम कुणाचं, ते झाड कुणाच्या जागेत वाढतं, आणि जाळं टाकायचं पाणी कुणाचं, हे तीन प्रश्न विचारले की जाळ्याचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो.

त्यासाठी आपण जरा लांब जाऊ. अमेरिकेचा वायव्य कोपरा आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा किनारा. सिएटल आणि व्हँकुव्हर ही मोठी शहरं तिथे आहेत आणि आपल्याकडची कॉम्प्युटर शिकलेली मुलंमुली तिथे नोकरीला जातात. या दोन शहरांच्या मधल्या समुद्राला सॅलिश समुद्र म्हणतात. गोरे लोक येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे मूळ रहिवासी राहत आले. सॅनिच, लम्मी, निस्क्वाली, प्युअ‍ॅलप अशी त्यांच्या समाजांची नावं. त्या किनाऱ्यावर होको नावाच्या नदीच्या मुखाशी चिखलात गाडलेलं एक जाळं सापडलं. स्प्रूस नावाच्या झाडाच्या फांद्या चिरून ते विणलेलं होतं आणि ते सुमारे ३००० वर्षांपूर्वीचं आहे. एवढी जुनी ही विद्या.

मासा थोडे दिवस, तयारी वर्षभर

या लोकांचं मुख्य अन्न सॅमन मासा. आपल्याकडे रावसाला कुणी कुणी इंडियन सॅमन म्हणतात, पण हा मासा वेगळा. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परततो. अंडी घातली की मरतो. परतीच्या वाटेवर त्याच्या झुंडीच्या झुंडी येतात, पण ठरावीक दिवसांतच. त्या दिवसांत जो पकडायचा, वाळवायचा, धुरावर धरायचा, तो वर्षभर पुरवायचा. म्हणजे आपल्या पेरणीसारखंच झालं. वाफसा आला आणि बी घरात नसलं, तर वर्ष गेलं. तसं मासा आला आणि जाळं तयार नसलं, तर हिवाळाभर चूल थंड.

म्हणून जाळ्याची तयारी आदल्या वर्षीच सुरू व्हायची. आणि त्या तयारीतलं दोरा वळायचं काम मुख्यतः बायकांच्या हातात होतं.

आग लावणाऱ्या झाडाचा दोरा

तिथे नेटल नावाची एक वनस्पती होते. खाजकुइलीसारखीच गत. अंगाला लागली की आग आग होते. वसंतात तिचे कोवळे शेंडे शिजवून भाजीसारखे खातात. पण शरद ऋतूत तिची उंच खोडं पक्व होतात, तेव्हा बायका ती कापून आणायच्या. खोड उभं चिरायचं, वाळवायचं, मग ठेचून आतला लाकडी भाग मोडून काढायचा. हातात उरतात ते लांब, चिवट तंतू. आपल्याकडे अंबाडीचं किंवा घायपाताचं वाख काढतात, त्याची आठवण व्हावी असंच हे काम.

मग हे तंतू उघड्या मांडीवर ठेवायचे आणि तळहाताने पुढे लोटायचे. दोन पदर एका दिशेने पिळायचे आणि मग दोन्ही एकत्र करून उलट्या दिशेने वळायचे. एकाचा पीळ सुटू पाहतो, तेवढाच दुसरा तो घट्ट धरतो. एक पदर संपत आला की नवा तंतू त्यात मिसळायचा, गाठ न मारता. आपल्या ज्या आज्यांनी घरी सुंभ वळलं आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. समुद्र ओलांडून गेलं तरी मांडी तीच, तळहात तोच आणि पीळही तोच.

डोंगरापलीकडच्या कोरड्या प्रदेशात आणखी एक तंतूचं झाड होतं. गोऱ्या लोकांनी त्याला इंडियन हेम्प असं नाव दिलं. तिथलेच मूळ रहिवासी ते वापरत म्हणून हे नाव, आपल्या देशाशी त्याचा संबंध नाही. त्याचा दोरा बारीक, मऊ आणि पाण्यात टिकणारा. डोंगराकडचे लोक तो जुड्या बांधून किनाऱ्याकडच्या लोकांना देत आणि बदल्यात किनाऱ्याकडच्या वस्तू घेत. म्हणजे बाईने वळलेला दोरा हा बाजारात चालणारा माल होता. पैशासारखाच.

याच दोऱ्याची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. याकामा नावाच्या समाजात मुलगी लग्न होऊन गेली की ती या तंतूच्या दोऱ्याला गाठी मारायला घ्यायची. दिवसांची गाठ, मोठ्या प्रसंगाला मणी किंवा शंख. जन्म, मृत्यू, दुष्काळ, सण, सगळं त्या दोऱ्यात. वर्षं जातील तसा दोऱ्याचा गुंडा मोठा होत जायचा. म्हातारपणी ती बाई गुंडा उलगडायची, बोटांनी गाठी चाचपायची आणि आपलं आयुष्य सांगायची. आपण गटाचं इतिवृत्त वहीत लिहितो. तिने ते जाळ्याच्या दोऱ्यात लिहिलं.

वाळुंजाच्या सालीचं जाळं

आता सॅनिच आणि लम्मी लोकांचं सगळ्यात नावाजलेलं जाळं पाहू. त्याला रीफनेट म्हणतात, म्हणजे समुद्रातल्या उथळ खडकाळ जागी लावायचं जाळं. हे विलो झाडाच्या अंतरसालीचं असायचं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज होतो ना, तो याच झाडाचा भाऊबंद. वसंतात झाडात रस चढला की साल सहज सुटते. तेव्हा ती सोलून, आतला चिवट थर वेगळा करून त्याचा दोरा वळायचा. जाड दोर सीडार नावाच्या झाडाच्या लवचीक फांद्यांचे. तरंगायला सीडारच्याच लाकडाचे तुकडे आणि बुडायला दगड. सगळं सामान रानातलं आणि किनाऱ्यावरचं.

दोन होड्या समांतर उभ्या करायच्या आणि त्यांच्या मधे जाळं झोळीसारखं पसरायचं. जाळ्याच्या पुढे लांबपर्यंत दोर सोडायचे. या दोरांत किनाऱ्यावरचं गवत अडकवायचं. लाटेबरोबर गवत हलतं आणि माशाला वाटतं हा समुद्राचा तळच वर वर येतोय. तो त्या खोट्या तळावरून पोहत पोहत वर येतो आणि जाळ्यावर पोचतो. होडीत उभा असलेला जाणता माणूस पाण्यात नजर लावून असतो. त्याने इशारा दिला की दोन्ही होड्या जवळ येतात आणि झोळी उचलली जाते. माशाच्या मागे धावायचं नाही. त्याची वाट ओळखून वाटेवर बसायचं.

नेटलच्या जाळ्यांना आल्डर नावाच्या झाडाच्या सालीचा तांबूस रंग देत. रंगामुळे जाळं पाण्यात माशाला दिसत नाही. शिवाय सालीच्या तुरट रसाने दोरा लवकर कुजत नाही. आपल्या कोकणातही नायलॉन येण्याआधी सणाची, सुताची जाळी ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवत. कुणी कुणाला शिकवायला गेलं नव्हतं. ज्याचं पोट पाण्यावर, त्याला साल ओळखावीच लागते.

रीफनेटबद्दल सॅनिच लोकांत एक जुनी कथा सांगतात. एका घरी एक अनोळखी तरुण आला. त्याने वाळुंजाची अंतरसाल आणायला सांगितली आणि हे जाळं करायला शिकवलं. घरच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि तो तिला घेऊन गेला. तो होता सॅमनांच्या कुळातला. म्हणून सॅमन हे त्यांचे सोयरे. सोयऱ्यांशी वागायची रीतही ठरलेली. हंगामाचा पहिला मासा मानाने आणायचा, सगळ्यांनी वाटून खायचा आणि हाडं पुन्हा पाण्यात सोडायची. आणि जाळ्याच्या शेवटी वाळुंजाच्या फांदीचं एक कडं विणायचं. त्या मोकळ्या कड्यातून काही मासे निघून जावेत, पुढच्या वर्षीची सोय व्हावी. जाळं विणतानाच त्यात सुटकेची वाट ठेवणं हा आम्हाला या सगळ्यातला मोठा शहाणपणा वाटतो.

प्रत्येक रीफनेटची समुद्रातली जागा ठरलेली होती. ती त्या त्या घराण्याकडे वारशाने यायची. जाळं आणि जागा ही जोडी होती. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता.

फुली मारलेला कागद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सरकारी माणसं कागद घेऊन आली. कॅनडाच्या बाजूला १८५२ साली जेम्स डग्लस यांनी सॅनिच लोकांशी करार केला. करारात लिहिलं होतं की हे लोक पूर्वीप्रमाणे मासेमारी करत राहतील. कागदावर सॅनिच प्रमुखांच्या नावापुढे फुल्या आहेत. त्या समाजाची आठवण अशी की फुली म्हणजे शांततेची खूण आहे असं त्यांना वाटलं, जमीन विकल्याची नव्हे. अमेरिकेच्या बाजूला १८५४ आणि १८५५ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी एकामागून एक करार केले. बोलणी झाली ती चिनूक जार्गन नावाच्या व्यापाऱ्यांच्या मोडक्यातोडक्या बोलीत. तिच्यात शब्दच थोडे. अशा बोलीत लाखो एकर जमीन गेली. पण एक गोष्ट मूळ रहिवाशांनी धरून ठेवली आणि ती कागदावर आली. आमच्या नेहमीच्या जागी मासे पकडायचा आमचा हक्क राहील, इतर नागरिकांच्या बरोबरीने.

पुढे मासे डब्यात भरायचे कारखाने आले. त्यांनी समुद्रात खांब रोवून मोठमोठे सापळे उभे केले, तेही रीफनेटच्या जागांच्या तोंडाशीच. मासा जाळ्यापर्यंत पोचेना. लम्मी लोकांचा दावा कोर्टात उभा राहिला, पण १८९७ साली ते हरले. कॅनडाच्या बाजूला १९१६ च्या सुमारास रीफनेटवर बंदीच आली.

इथे थांबून बघायला हवं. जाळी कुणी जाळली नव्हती. वाळुंज उभा होता, नेटल उगवत होतं, बायकांना दोरा वळता येत होता. फक्त जाळं टाकायची जागा गेली. आणि जागा गेल्यावर दोरा कशासाठी वळायचा? जे काम उद्या लागणार नाही ते आई मुलीला किती दिवस शिकवील? एकदोन पिढ्यांत हात विसरले. कला आपोआप मरते असं आपण म्हणतो. तिच्या पायाखालची जागा आधी कुणीतरी काढून घेतलेली असते.

नदीकाठच्या बायका

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची जाळी आली. मूळ रहिवासीही ती वापरू लागले. पण त्यांनी नदीत जाळं टाकलं की राज्य सरकारची माणसं येऊन जाळं जप्त करत आणि माणसांना पकडून नेत. निस्क्वाली समाजाचे बिली फ्रँक यांना पहिल्यांदा अटक झाली १९४५ साली, तेव्हा ते १४ वर्षांचे होते. पुढे त्यांना ५० हून जास्त वेळा अटक झाली. गुन्हा एकच, आपल्या नदीत जाळं टाकलं.

१९६४ च्या सुमारास त्यांनी संघटना उभी केली. तिच्यात बायका पुढे होत्या. तुलालिप समाजाच्या जॅनेट मॅक्क्लाउड त्या संघटनेचं वार्तापत्र चालवत. प्युअ‍ॅलप समाजाच्या रमोना बेनेट १९७० साली नदीकाठच्या छावणीत होत्या. पोलिसांनी त्या छावणीवर चाल केली, अश्रुधूर सोडला. जाळं वाचवायला बायकापोरं पाण्याकाठी उभी राहिली.

शेवटी खटला मोठ्या कोर्टात गेला. प्रश्न असा होता की करारातल्या 'नेहमीच्या जागा' कोणत्या आणि 'बरोबरीने' म्हणजे किती? पुरावा कुठून आणायचा? समाजातली म्हातारी माणसं साक्षीला उभी राहिली. बार्बरा लेन या मानववंशशास्त्र शिकलेल्या बाईंनी जुने कागद तपासून समाजवार अहवाल दिले. करार झाला तेव्हा कोण कुठे, कोणत्या जाळ्याने, कोणता मासा पकडत होतं, ते सगळं त्यात होतं. मैत्रिणींनो, जाळ्याचा इतिहास हाच कोर्टातला पुरावा ठरला.

१२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला. 'बरोबरीने' म्हणजे पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर करार करणाऱ्या समाजांचा हक्क. आणि हा हक्क जुन्याच साधनांपुरता नाही. जाळं सालीचं असो नाहीतर नायलॉनचं, हक्क तोच. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल मुळात कायम ठेवला. फुली मारलेल्या कागदाला सव्वाशे वर्षांनी न्याय मिळाला, कारण लोकांनी तो कागद विसरू दिला नाही.

सॅनिच लोकांचं रीफनेटही परत आलं. निक क्लॅक्स्टन या त्याच समाजातल्या अभ्यासकाने जाणत्या माणसांना विचारत, जुनी टिपणं शोधत ते पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं आणि २०१४ साली त्यांच्या समुद्रात रीफनेट पुन्हा पसरलं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. इथे ती कौतुकाने वापरावीशी वाटते.

नायलॉनचं देणं

जुनं ते सगळं सोनं असं आम्ही म्हणणार नाही. सालीचं जाळं करायला महिने लागायचे. बायकांचे तळहात आणि मांड्या सोलून निघत असतील. नायलॉनने ते कष्ट वाचवले. पण त्याचं एक देणंही आहे. सालीचं जाळं समुद्रात हरवलं तर कुजून जातं. नायलॉनचं कुजत नाही. ते तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे, खेकडे, पक्षी मारत राहतं आणि ते कुणाच्याच पोटात जात नाहीत. सॅलिश समुद्रातून २००२ पासून अशी हजारो हरवलेली जाळी पाणबुड्यांनी बाहेर काढली. ज्या जाळ्यात सुटकेचं कडं होतं तिथून, ज्या जाळ्याला धनीच उरला नाही तिथपर्यंत, असा हा प्रवास आहे.

आपल्या गटासाठी

लांबच्या गोष्टीचा आपल्याला काय उपयोग, असं कुणी विचारेल. उपयोग आहे. आपल्याकडे २००६ चा वन हक्क कायदा आहे. त्यात जंगलात राहणाऱ्या समाजांचा गौण वनोपजावर सामूहिक हक्क सांगितला आहे, तसाच पाणवठ्यातले मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचाही. पुष्कळांना लाकूड, तेंदू, मोह एवढंच ठाऊक असतं. माशांचं कलम वाचलेलंच नसतं. आणि २००८ च्या नियमांनुसार दाव्याला पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसांचं लेखी निवेदनही चालतं. फक्त ते निवेदन दावा करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसाचं हवं. म्हणजे आपल्या आजीला आठवतं ते कायद्याच्या भाषेत पुरावा आहे. पण ते लिहिलेलं असलं तर.

म्हणून येत्या मासिक बैठकीत बचत आणि कर्जहप्त्यांचा विषय झाला की अर्धा तास राखून ठेवा. गावातल्या दोनतीन वयस्क बायांना बोलवा. त्यांना विचारा, दोर, जाळं, टोपली, शिंकं कशाचं करायचा? ती झाडं कुठे होती? कोणत्या महिन्यात साल काढायचात? ती जागा आज कुणाच्या ताब्यात आहे? नदीच्या, तळ्याच्या कोणत्या काठावर कोण मासे धरायचं? जे सांगतील ते तारखेसह लिहा. खाली सांगणारीची सही किंवा अंगठा घ्या. पण अंगठा घ्यायच्या आधी लिहिलेलं तिला तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर वही जपून ठेवा.